घरची खरेदी आणि वाडीची माती

या मासिकांत आम्ही बहुधा बीं-बियाणें, खतें, कीड आणि बाजारभाव यांविषयीं लिहितों. स्वयंपाकघर, मोरी आणि बाजाराची पिशवी हे विषय शेतकऱ्याच्या मासिकांत कशाला, अशी शंका कोणास येईल. आणि हा तर बायकांचा विषय, असें म्हणून कोणी पानही उलटील. तसें करण्यापूर्वीं आमचें एवढेंच म्हणणें ऐकून घ्यावें. शहरांतील चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांतून बाहेर पडलेली वस्तु त्या बिऱ्हाडाच्या दृष्टीआड होते. वाडींत राहणाऱ्या शेतकऱ्याच्या घरांतून बाहेर पडलेली वस्तु मात्र त्याच्याच जमिनींत मुरते, त्याच्याच चरांत अडकते आणि त्याच्याच विहिरींत उतरते. म्हणून शेतकऱ्यानें बाजारांतून काय आणावें आणि घरांत तें कसें वापरावें, हा शुद्ध शेतीचा प्रश्न आहे. पापडी व आसपासच्या गांवांतील बागाईतदारांस डोळ्यांपुढें ठेवून हा पाठ लिहिला आहे. परंतु ज्याचें घर शेताला लागून आहे अशा कोणासही तो उपयोगी पडावा.

१. घर, वाडी आणि विहीर

वसईच्या पश्चिमेकडील पट्टी समुद्राला लागून आहे. जमीन बहुतांशीं रेताड, पाणी वर, विहिरी उथळ. केळी, नारळ, पानवेली, फुलें आणि भाजीपाला हें सारें त्या उथळ पाण्यावरच उभें राहिलें. पूर्वीं विहिरीवर रहाट असे आणि वाडीलगत बावखल असे. पावसाचें पाणी बावखलांत सांठे, तेथून जमिनींत मुरे आणि विहिरीला आधार होई. पुढें रहाट गेले, पंप आले. कित्येक बावखलें बुजलीं, कांहीं तर घरच्या केरानेंच भरून निघालीं.

अशा जमिनीचा एक गुण आहे आणि तोच तिचा दोषही आहे. रेताड माती पाणी लवकर पिते, म्हणून ती बागाइतीस सोयीची. पण मोरींतून जें कांहीं वाहील तेंही ती तितक्याच लवकर पिते. चिकण मातींत जी घाण दोन पावसाळे वरच अडकून राहील, ती येथें थोड्या दिवसांत पाण्यापर्यंत पोंचते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. समुद्रकांठीं जमिनीच्या पोटांत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण तें हलकें असतें. शास्त्रज्ञांनीं काढलेला ठोकताळा असा कीं, समुद्रसपाटीच्या वर गोडें पाणी एक हात उभें असेल तर त्या सपाटीच्या खालीं तें सुमारें चाळीस हात खोल असतें. याचा उलट अर्थही ध्यानांत घ्यावा: उपशामुळें वरची पातळी एक हात उतरली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस हात वर चढूं शकतें. विहीर एकदां मचूळ झाली म्हणजे केळ प्रथम सांगते. तिच्या पानांच्या कडा करपतात, घड बारीक येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीचें जें आंदोलन उभें राहिलें, त्यामागें ही जमीन आणि हें पाणी राखण्याचीच तळमळ होती. बाहेरच्यांनीं टँकरनें उपसलेल्या पाण्याविरुद्ध आपण बोललों तें योग्यच झालें. पण आपल्या घरांत वाहणाऱ्या पाण्याकडे पाहण्याचें काम कोणत्याही समितीला करतां येणार नाहीं. तें घरानेंच केलें पाहिजे.

२. वाडीची कसोटी

कोणती वस्तु निसर्गाला पोषक आणि कोणती घातक याच्या लांबलचक याद्या हल्लीं जागोजाग छापून येतात. त्या पाठ करण्याची शेतकऱ्यास गरज नाहीं. त्याच्यापाशीं एक साधी कसोटी आहे. वस्तु हातीं घेतांना स्वतःस विचारावें: ही संपल्यावर जें उरेल, तें मीं केळीच्या बुंध्याशीं पुरीन काय?

नारळाची करवंटी, पत्रावळ, सुतळी, कागदाची पुडी, सुती फडकें, मातीचें मडकें हीं सारीं या कसोटीस उतरतात. करवंटीला वेळ लागेल, मडक्याची खापरें होतील. पण मातीचें कांहीं बिघडणार नाहीं. पॉलिथिनची पिशवी, चकचकीत पुडके, थर्माकोलची ताटली, विजेरीचे सेल हे उतरत नाहींत. पॉलिथिन कुजत नाहीं. उन्हानें तें ठिसूळ होऊन त्याचे बारीक तुकडे पडतात आणि ते मातींतच राहतात. मोठा तुकडा असेल तर मुळाची वाट अडते व पाण्याचा निचरा थांबतो. गुरें पिशव्या अन्नाच्या वासानें गिळतात. त्या पोटांत गोळा होऊन राहतात, आणि म्हैस चारा सोडते तेव्हां कारण समजण्यास फार उशीर झालेला असतो.

कसोटीस न उतरणारी प्रत्येक वस्तु टाळतां येईल असें आम्ही म्हणत नाहीं. औषधाची बाटली, तेलाचा डबा, दुधाची पिशवी यांवांचून आज कोणाचें घर चालतें? तेव्हां अशा वस्तूपुढें तीन वाटा आहेत. एक, ती घेऊंच नये. दोन, तीच वस्तु टिकाऊ किंवा परत भरतां येण्याजोग्या भांड्यांत घ्यावी. तीन, ती जाणूनबुजून घ्यावी, पण संपल्यावर धुऊन-वाळवून भंगारवाल्याकडे देण्याची सोय आधीं ठरवावी. चौथी वाट म्हणजे ती वाडीच्या कोपऱ्यांत फेंकणें. ती आपण बंद करावयाची आहे.

३. पापडीच्या बाजारांत

पापडीला दर शुक्रवारीं भरणारा बाजार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आगोटीच्या दिवसांत तेथें बेगमीची जी खरेदी होते तिच्यापासून पुष्कळ शिकण्यासारखें आहे. आपल्या आज्या सुके बोंबील, जवळा, सोडे, कांदे, मिरच्या, चिंच, हळकुंडें असें चार महिन्यांचें सामान एकदांच घेत. तें टोपल्यांत, गोणपाटांत, फडक्यांत घरीं येई. उन्हें देऊन बरण्यांत आणि मडक्यांत भरलें जाई. एका वर्षाच्या बेगमीमागें टाकून देण्याजोगें वेष्टन जवळजवळ कांहींच उरत नसे. तोच जिन्नस आज पावपाव किलोच्या पुड्यांनीं दर आठवड्यास आणला तर पैसेही अधिक जातात आणि पुडेही सांठतात. म्हणून पहिला नियम: जो जिन्नस टिकतो तो एकदांच, सुटा आणि आपल्या भांड्यांत घ्यावा. तांदूळ, डाळी, कडधान्यें, मसाल्याचे पदार्थ, सुकी मासळी हीं सर्व या नियमांत बसतात. मासळीसाठीं झांकणाचा डबा न्यावा. सुक्या मासळीला फडकें पुरतें.

दुसरा नियम पिशवीचा. एका घरांत दर शुक्रवारीं सहा पातळ पिशव्या येतात असें धरलें, तर वर्षाच्या बावन्न बाजारांच्या ३१२ पिशव्या झाल्या. दोनशें घरांच्या ६२,४०० झाल्या. या पिशव्या कोठें जातात याचें उत्तर पहिल्या मोठ्या पावसांत गटारांच्या तोंडाशीं मिळतें. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारचा पुष्कळ भाग पाण्याखालीं गेला तेव्हां आगगाड्या बंद पडल्या आणि मिठागरांतील कुटुंबें अडकून पडलीं. त्या पुराचें खापर केवळ पिशव्यांवर फोडणें अन्यायाचें होईल. सखल जमिनींवरील भराव आणि अरुंद झालेले नाले हीं मोठीं कारणें आहेत. पण जो नाला आधींच अरुंद आहे त्यांत पिशव्यांचें बूच बसलें म्हणजे भाजीच्या वाफ्यांत पाणी आणखी दोन दिवस राहतें, आणि तेवढ्यांत मुळें कुजतात.

कायदाही याच बाजूचा आहे. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ रोजीं अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटें-वाट्या इत्यादींवर बंदी घातली. तींत पहिल्या गुन्ह्यास पांच हजार रुपये, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरविली. पुढें १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनानें एकदांच वापरण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंस देशभर मनाई केली. इतकें असूनही पिशवी बाजारांत दिसते, याचें कारण सरळ आहे: गिऱ्हाईक मागतें म्हणून विक्रेता ठेवतो आणि विक्रेता देतो म्हणून गिऱ्हाईक हात हलवीत येतें.

येथें आपल्यावर दुहेरी जबाबदारी येते, कारण पापडीच्या बाजारांत आपण घेणारेही आहों आणि देणारेही आहों. आपल्याच वाडीची वाल-पापडी, वांगीं, मोगरा, केळीं घेऊन आपली माणसें तेथें बसतात, मुंबईस जातात. जो बागाईतदार नाल्यांतल्या पिशव्यांविषयीं तक्रार करतो, त्यानेंच भाजी पिशवींत घालून द्यावी हें शोभत नाहीं. आणि वेष्टनाला आपल्याकडे वाण काय? केळीचें पान आहे, सुकलेलें सोपट आहे, माडाच्या झावळ्या आहेत. आगाशीकडची सुकेळी पाहा. राजेळी केळीं सोलून उन्हांत सुकवितात आणि केळीच्याच वाळलेल्या पानांत बांधून विकतात. माल ज्या झाडाचा, वेष्टनही त्याच झाडाचें. खाऊन झाल्यावर उरलें तें पुन्हां झाडाच्या बुंध्याशीं. त्या बांधणीमुळें सुकेळीची किंमत कमी झाली नाहीं. उलट तीच तिची ओळख झाली. फुलांचा पुडा पानांत आणि भाजीची जुडी सोपटानें बांधून दिली, तर शहरचें गिऱ्हाईकही ती आनंदानें घेईल असा आमचा समज आहे.

४. फसव्या पर्यायांविषयीं

चांगल्या हेतूनें केलेली खरेदीही फसूं शकते, म्हणून चार शब्द सावधगिरीचे.

कांहीं पिशव्यांवर त्या कुजणाऱ्या असल्याचें छापलेलें असतें. त्यांपैकीं पुष्कळ पिशव्यांना कुजण्यासाठीं कारखान्यांतल्या खतढिगाची सतत टिकणारी उष्णता लागते. वाडींतल्या थंड खड्ड्यांत त्या दीर्घकाळ तशाच राहतात. तेव्हां छापलेल्या शब्दावर न जातां एक पिशवी खताच्या खड्ड्यांत खूण करून पुरावी आणि सहा महिन्यांनीं उकरून पाहावी. शेतकऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा नको.

कागदाची पिशवी कुजते खरी, पण ती बनविण्यास झाडें आणि पाणी लागतें. एकदां वापरून टाकण्यांत तिचाही अपव्ययच आहे. कापडी पिशवीचें तसेंच. कापूस पिकविण्यास आणि कापड विणण्यास पुष्कळ पाणी खर्च झालेलें असतें. प्रत्येक समारंभांत मिळालेल्या वीस नव्या पिशव्या खुंटीला टांगून ठेवण्यांत पुण्य नाहीं. जुन्या लुगड्याची किंवा धोतराची शिवलेली एक पिशवी वर्षानुवर्षें वापरणें, हाच खरा लाभ. वस्तु कशाची आहे याच्या जोडीला ती किती वेळां वापरली, हेंही पाहिलें पाहिजे.

‘सेंद्रिय’ या शब्दाचेंही असेंच. तो शब्द छापला म्हणजे माल तसा असतोच असें नाहीं. बांधीव मालावर अन्न सुरक्षा प्राधिकरणानें २०१७ मध्यें आणलेलें ‘जैविक भारत’ चिन्ह आहे किंवा नाहीं तें पाहावें. पण त्याहून जवळचा मार्ग असा कीं, ज्याची वाडी आपण पाहिली आहे त्याच्याकडून घ्यावें. दुरून, शीतगृहांतून आलेल्या फळापेक्षां हंगामांतलें जवळचें फळ बहुधा स्वस्त, ताजें आणि कमी इंधन जाळून आलेलें असतें.

५. मोरीचें पाणी

मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढविण्याची आपली रीत जुनी आणि शहाणपणाची आहे. ती पडली तेव्हां मोरींत राख, शिकेकाई, रिठा आणि थोडा साबण जात असे. आज त्याच चरांतून धुलाईची भुकटी, फरशीचें आम्ल आणि जंतुनाशक वाहतें. रीत तीच राहिली, पाणी बदललें.

धुलाईच्या भुकटींत व सोड्यांत सोडियम असतें. चिकण मातींत तें मातीचे कण फोडतें. ढेंकळें बसकट व हवाबंद होतात. रेताड मातींत तें खालीं वाहून विहिरीच्या पाण्यांत क्षार वाढवितें. समुद्राकडून खारटपणाची भीति आहेच; त्यांत घरांतूनही क्षार सोडूं नयेत. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्या.

भुकटी मापानें घ्यावी. मूठभर घालण्याची संवय सोडून चमचा ठेवावा. बहुतेक घरीं निम्म्या भुकटींत कपडे तितकेच स्वच्छ होतात. भांड्यांस नारळाची किशी आणि लांकडाची चाळलेली राख अजूनही उत्तम आहे. केसांस व रेशमी वस्त्रांस रिठा-शिकेकाई पुरते. तळणीचें उरलेलें तेल मोरींत ओतूं नये. तें मातीचीं छिद्रें बुजवितें. भांडें आधीं वाळल्या पानानें पुसून तें पान खड्ड्यांत टाकावें. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी सरळ कुंडीला किंवा भाजीला द्यावें. मासळी धुतलेलें पाणी माडाच्या आळ्यांत घालण्याची किनाऱ्यावरील रीत चालूं ठेवावी; वर माती ओढावी म्हणजे माशा व मांजरें येत नाहींत.

मोरीचा चर विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूस न्यावा. त्याच्या तोंडाशीं विटांचे तुकडे, खडी व रेती यांचा खड्डा करून त्याभोंवतीं कर्दळ, अळू व केळ लावावी. कच्च्या खाण्याच्या भाज्यांस तें पाणी देऊं नये. आम्लयुक्त द्रव्यें चरांत सोडूंच नयेत. तीं जमिनींतील उपकारक जंतूंसही मारतात.

६. केर, खड्डा आणि आग

केर वेगळा करण्याचा नियम शहरासाठीं आहे, आपल्यासाठीं नाहीं, असा एक गैरसमज आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं स्थापन झाली. पुढें २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका आणि घातक असा केर घरींच वेगळा करण्याचें बंधन घातलें. पण नियम नसता तरी शेतकऱ्यानें हेंच केलें असतें, कारण ओला केर म्हणजे त्याचें खत आहे. तो पालिकेच्या गाडींत भरून पाठवावयाचा आणि मग खताची गोणी विकत आणावयाची, असा उलटा व्यवहार शेतकऱ्याच्या घरीं तरी नसावा.

घरीं तीन जागा कराव्या. स्वयंपाकघरांत झांकणाची बादली ओल्या केरासाठीं; पडवींत एक गोणपाट धुतलेल्या प्लास्टिक, कांच व पत्र्यासाठीं; आणि मुलांच्या हातीं न लागेल असा एक डबा सेल, दिवे, जुनीं औषधें यांसाठीं. मुलांचे विकतचे लंगोट व तत्सम वस्तु यांत प्लास्टिक असतें; त्या खड्ड्यांत वा चुलींत न घालतां कागदांत गुंडाळून वेगळ्या द्याव्या. घरीं धुण्याचे सुती लंगोट वापरतां आले तर उत्तमच.

खत करण्याची विद्या आपल्या मुलखांत पारखी नाहीं. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत शेतांतील काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसविली, तिच्यावरील ग्रंथांत यशवंत वाड हे त्यांचे सहलेखक होते. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं आपल्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत काढली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असें जाळीदार विटांचें टांकें बांधावयाचें. त्यांत सुमारें १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा आणि केवळ शंभर किलोच्या आंतबाहेर शेण, मधून मधून मातीचे थर. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतें. जेथें गोठे कमी झाले आहेत तेथें थोड्या शेणावर चालणारी ही पद्धत फार सोयीची. आपल्याकडे पावसाचा जोर मोठा, म्हणून टांक्यावर झावळ्यांचें छप्पर अवश्य करावें. नाहीं तर खताचा अर्क वाहून जातो.

लहान कुटुंबास एवढें टांकें नको असेल तर साधा खड्डा पुरे. एक बादली ओल्या केरावर तीन बादल्या वाळला पाला व मूठभर जुनें खत किंवा माती घालावी. वास आला तर पाला कमी पडला असें समजावें. ढीग कोरडा व थंड राहिला तर पाणी व ओला केर कमी पडला असें समजावें. घड काढल्यावर केळीचा बुंधा तोडून फेंकूं नये. त्यांत पालाश भरपूर असतें. त्याचे तुकडे करून खड्ड्यांत घालावे.

आतां आगीविषयीं. संध्याकाळीं वाडींत पाल्याबरोबर पिशव्या पेटविण्याची संवय अनेक ठिकाणीं आहे. नुसता पाला जाळला तरी त्यांतील नत्र धुरावाटे जातें. म्हणजे आपण खतच जाळतों. प्लास्टिक जाळणें याहून वाईट. पीव्हीसीच्या जुन्या नळ्या व वायरी जळतात तेव्हां आम्लाचा धूर निघतो आणि डायॉक्सिन नांवाचीं विषें तयार होतात. तीं चाऱ्यावर बसतात, चरबींत सांठतात, आणि म्हशीच्या दुधावाटे व कोंबडीच्या अंड्यावाटे आपल्याच ताटांत परततात. त्या आगीची राख भांड्यांसही घेऊं नये आणि झाडांसही घालूं नये.

कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या व डबे यांविषयीं आम्ही विशेष आग्रहानें सांगतों. डबा मजबूत आहे म्हणून त्यांत रॉकेल, पाणी किंवा बीं ठेवणें जिवावर बेतूं शकतें. कितीही धुतलें तरी विष निःशेष निघत नाहीं. बाटली फवाऱ्याच्या टाकीवरच तीन वेळां विसळून तें पाणी टाकींत घ्यावें, बाटलीस भोंक पाडावें आणि ती घातक केरांत वेगळी द्यावी. विहिरीच्या कांठावर हें काम कधींही करूं नये.

७. पाणी आणि वीज

गळत्या नळांतून दर सेकंदास एक थेंब पडत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारें दीड हजार लिटर पाणी जातें. दोन-पांच रुपयांचा वायसर हीच त्याची किंमत. विहीर आपली आहे म्हणून पाणी फुकट आहे असें समजूं नये. तें पंपानें, म्हणजे विजेनें वर येतें. आणि एक हात पातळीचा चाळीस हातांशीं काय संबंध आहे तें वर सांगितलेंच आहे.

उलट बाजूचा हिशेबही करून पाहावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालें. आपल्या भागांत वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर शंभर चौरस मीटर कौलांवर दोन लाख लिटर पाणी पडतें. त्यांतलें पांचवा भाग वाया गेलें असें मानलें तरी एक लाख साठ हजार लिटर उरतें. पन्हळ लावून, पहिल्या एक-दोन सरींचें पाणी सोडून देऊन, पुढचें पाणी रेती-खडीच्या गाळणींतून विहिरीशेजारच्या खड्ड्यांत किंवा बावखलांत सोडावें. ज्यांच्या वाडींत बावखल अजून शाबूत आहे त्यांनीं तें बुजवूं नये. उन्हाळ्यांत गाळ काढावा, तो गाळही खताच्या कामीं येतो.

विजेचे दिवे व यंत्रें घेतांना केवळ दुकानांतली किंमत पाहूं नये. साठ वॅटचा जुना तारेचा दिवा रोज पांच तास जळला तर महिन्यास नऊ युनिट वीज लागते. साधारण तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा महिन्यास १.३५ युनिटवर भागवितो. शीतकपाट, पंखा किंवा पंप घेतांना त्यावरील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारका पाहाव्या; तारका जितक्या अधिक तितकें दरमहाचें बिल कमी. जुनी वस्तु दुरुस्त होत असेल तर आधीं ती दुरुस्त करावी.

गॅसची बचत झांकणानें, भिजवलेल्या कडधान्यानें आणि कुकरानें होते. ज्यांच्याकडे उष्टें-खरकटें पुष्कळ निघतें त्यांनीं पुण्याच्या आरती या संस्थेनें, डॉ. आनंद कर्वे यांच्या कल्पनेनुसार, केलेल्या लहान बायोगॅस संयंत्राची माहिती करून घ्यावी. शेणाऐवजीं स्वयंपाकघरांतील पिष्टमय उरल्यासुरल्यावर चालणाऱ्या या संयंत्रास २००६ मध्यें अ‍ॅश्डेन हें आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. त्यांतून निघणारा द्रव वाडीस खत म्हणून उपयोगी पडतो.

८. एक महिन्याचा अभ्यास

वाचून मान डोलावल्यानें संवय पडत नाहीं. म्हणून सभासदांनीं पुढील अभ्यास करावा अशी आमची सूचना आहे.

पडवींत एक गोणपाट टांगावें. चार आठवडे घरांत येणारें प्रत्येक प्लास्टिकचें वेष्टन, पिशवी, बाटली धुऊन त्यांत टाकावी. एकही बाहेर जाऊं देऊं नये. महिन्याच्या शेवटीं तें घरांतल्या सर्वांसमक्ष पडवींत ओतावें. वजन करावें, आणि जिन्नसवार ढीग घालावे. कोणता ढीग मोठा तें पाहून पुढील महिन्यांत केवळ तोच कमी करण्याचा निश्चय करावा. सर्व एकदम बदलण्यास निघालेलें घर पंधरा दिवसांत थकतें. एक ढीग कमी करणारें घर वर्षांत पांच-सहा ढीग कमी करतें. त्याच महिन्यांत विजेच्या मीटरचा आंकडा आणि विहिरीच्या पाण्याची पातळी दोरीला गांठ मारून टिपून ठेवावी.

यांत एक पथ्य आहे. नव्या संवयींचा सारा भार घरच्या बाईवर घालूं नये. बाजाराची पिशवी व डबा बरोबर नेणें, खड्ड्यावर पाला टाकणें, गोणपाट भंगारवाल्याकडे पोंचविणें, गळता नळ दुरुस्त करणें हीं कामें पुरुषांनीं आणि मुलांनीं वांटून घ्यावीं. ज्या घरांत राख चाळणारी, पुडे धुणारी आणि केर वेगळा करणारी व्यक्ति एकच असते, त्या घरांत हा अभ्यास फार दिवस टिकत नाहीं, आणि तो तसा टिकावा अशी अपेक्षा करणेंही न्याय्य नाहीं.

सणावारींही हीच दृष्टि ठेवावी. गणपतीस शाडूची मूर्ति, मखरास थर्माकोलऐवजीं पुठ्ठा, कापड, बांबू; नाताळास व लग्नकार्यास धातूचीं ताटें किंवा पत्रावळी. आपल्या गांवांत सर्व धर्मांचीं माणसें एकाच तळ्याच्या आणि एकाच भूजलाच्या आधारें राहतात. एकाच्या उत्सवाचा केर दुसऱ्याच्या विहिरीला लागतो.

शेवटीं इतकेंच सांगावयाचें. जमीन विकली गेली, भराव पडला, विहिरी खाऱ्या झाल्या, याबद्दल आपण शासनाला व बाहेरच्यांना जाब विचारतों, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु जी वाडी अजून आपल्या नांवावर आहे तिच्यांत काय उतरतें, याचा जाब विचारणारें आपल्यावांचून दुसरें कोणी नाहीं. येत्या शुक्रवारीं बाजारास निघतांना पिशवी, डबा आणि फडकें बरोबर घ्यावें. गोणपाट टांगण्यास तोच दिवस चांगला. महिन्याअखेर ज्यांचीं वजनें व टिपणें तयार होतील त्यांनीं तीं आमच्याकडे पाठवावीं. कोणता ढीग कशानें कमी झाला हें एकाचें दुसऱ्यास कळलें, तर सर्वांसच त्याचा उपयोग होईल.